रंगावर कुंकू लावायचं नाही

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आजही आहे. आई म्हणायची, "हिला सासर मिळालं तर त्यांचं काही खरं नाही." त्यामुळे एका उन्हाळ्यात मी तो राग मुकाट्याने गिळला, याचं मलाच अजून नवल वाटतं. गिळला ते बरं झालं, नाहीतर आज तोंड दाखवायला जागा नसती.

तेव्हा मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात राहायचो, मिलवाल्यांच्या वस्तीत. इंदूरची मराठी माणसं कापडाच्या कारखान्याला गिरणी म्हणत नाहीत, मिलच म्हणतात. गिरणी म्हणजे पिठाची. बाबा मिलमधे साचेखात्यात जॉबर होते. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात तो भलामोठा हॉल, आणि जॉबर म्हणजे ज्याच्या ताब्यात पुष्कळ माग असतात आणि त्यातला एक जरी अडला तरी ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो. घरी बाबा फार बोलायचे नाहीत, पण बोलले की मोठ्याने. मागांच्या आवाजात आयुष्य गेलं ना, साधं "मीठ दे" म्हटलं तरी शेजारची काकू खिडकीतून डोकवायची.

आदल्या वर्षी ऐन श्रावणात मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एक दिवस गेटवर कागद चिकटवून मोठं कुलूप लावलं. टीव्हीवर रोज सांगत होते की आता देश उघडतोय, बाहेरच्या कंपन्या येतायत, सगळं नवीन होणार. आमच्या गल्लीत बायका म्हणायच्या, "हाव ना, आमचा तर भोंगापण बंद झाला." भोंगा वाजायचा तेव्हा दूध तापवायची वेळ कळायची. तो थांबल्यावर कित्येक दिवस आईचं दूध उतू जात होतं.

त्या वर्षीचा दसरा मला विसरता येत नाही. दरवर्षी दसऱ्याला मिलमधे मागांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि त्या दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. मी लहानपणापासून बाबांचं बोट धरून जायची. बाकीचे लोक मागाच्या हिरव्या रंगवलेल्या चौकटीवर कुंकवाची बोटं ओढून मोकळे व्हायचे. बाबा तसं करायचे नाहीत. ते हळद-कुंकू पाण्यात कालवायचे, खाली वाकायचे आणि वापरून घासून चकचकीत झालेला एखादा दांडा शोधून बरोबर त्यावर बोट टेकवायचे. मला सांगायचे, "रंगावर कुंकू लावायचं नाही. रंग काय, कुणीपण फासतो. जिथे उघडं लोखंड दिसतं, जिथे काम चालतं, तिथे लावायचं." हा त्यांचा नियम. वडिलांकडून आला होता की त्यांनीच काढला होता, देव जाणे.

मिल बंद झाली त्या वर्षीही बाबा सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, ताट घेऊन निघाले. आई म्हणाली, "अहो, कुलूप आहे तिथे." ते म्हणाले, "माहीत आहे." मी मागोमाग गेले. गेटवरचा चौकीदार त्यांच्या ओळखीचा होता, बिचाऱ्याचाच चेहरा पडला. म्हणाला, "दादा, खोलने का ऑर्डर नहीं है." बाबांनी मान हलवली. गेटला रंग होता, म्हणून त्यांनी कुलपाला हळद-कुंकू लावलं, नारळ चौकीदाराच्या हातात दिला आणि परत फिरले. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले तर हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी आईवरच खेकसले.

तर पुढच्या उन्हाळ्यात ही कॉम्प्युटरची भानगड आली. विजय नगर तेव्हा नावालाच होतं. अर्धे मोकळे प्लॉट, अर्ध्या बाभळी, आणि मधेच एखादी नवीकोरी इमारत. तसल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं होतं. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळीस दिवसांचा वर्ग काढला आणि बंद मिलवाल्यांच्या मुलामुलींसाठी दहा जागा फुकट ठेवल्या. शेवटी परीक्षा होणार आणि त्या दहांतल्या पहिल्या दोघांना पुढचा वर्षभराचा डिप्लोमा फुकट. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते दोन आकडे नाचत होते, एक आणि दोन. कारण तिसरा नंबर आला तर काय, तेही ठरलेलं होतं. मामाने राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात बोलून ठेवलं होतं. जुलैपासून तिथे दिवसभर उभं राहून "ताई, ये वाला पीस देखिए" म्हणायचं. दुकान वाईट नव्हतं, मालकही भला होता. पण एकदा का मी तिथे उभी राहिले की बसायला कुणी सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

सेंटरचा पहिला नियम, चपला बाहेर. दुसरा नियम, पिशव्या बाहेरच्या फळीवर. तिसरा नियम, कॉम्प्युटरपाशी खाणं, पिणं, शिंकणं बंद. आत एसी होता. बाहेर मे महिना भाजत असताना आम्ही आत अनवाणी पायांनी कुडकुडत बसायचो. पहिल्या दिवशी मी पदर घेतात तशी ओढणी घेऊन इतक्या अदबीने आत शिरले की शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "भिया, नारळ फोडायचा आहे का?" इंदुरात मुलीलाही भियाच म्हणतात, म्हणजे भैया. मी त्याच्याकडे असं पाहिलं की चाळीस दिवस तो माझ्या वाटेला गेला नाही.

सर तरुण होते, चष्मेवाले, मराठी समजायचं पण हिंदी बोलायचे आणि अडलं की इंग्रजीत घुसायचे. त्यांनी आम्हाला बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवायला घेतली. कॉम्प्युटरला काय करायचं ते ओळीओळीने लिहून द्यायचं, आणि प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, दहा, वीस, तीस असा. मधली जागा का सोडायची? तर उद्या काही आठवलं की मधे पंचवीस नंबरची ओळ घालता येते. मला हे फार आवडलं. माणसाच्या बोलण्यातही अशी सोय हवी होती, माझी निम्मी भांडणं वाचली असती. प्रत्येकाला एक फ्लॉपी मिळाली. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ, कागदी पाकिटात घातलेली. आपलं काम तिच्यात साठवायचं आणि तिला जिवापाड जपायचं. तिच्या एका बाजूला लांबट खिडकी असायची आणि त्यातून आतली तपकिरी चकती चमकताना दिसायची. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इस खिड़की को हाथ मत लगाना, सब इसी में है."

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी लाइट गेली. मी तीन तास लिहिलेलं फ्लॉपीत साठवलंच नव्हतं. सगळं पाण्यात. घरी येऊन मी दप्तर आपटलं, जेवले नाही, रडले. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "वहीत लिहिलं नव्हतंस?"

"कॉम्प्युटरचं वहीत कशाला लिहायचं बाबा? मग तो कॉम्प्युटर कशाला?"

"पाळी संपली की वही लिहायची असते," ते म्हणाले. "कुठला माग कुठे थांबला, कुठला तुटला, काय बाकी. पुढच्या पाळीवाल्याला कळायला नको?"

"पुढच्या पाळीला कोण येणार आहे? मीच ना?"

"तूच. पण तुला आज जे माहीत आहे ते उद्या आठवेलच असं नाही."

आणि उठून त्यांनी ट्रंकेतून एक लांबोडकी कोरी वही काढली, जाड पुठ्ठ्याची, मिलच्या पाळीच्या वहीसारखीच. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला दिवसभर केलेला प्रोग्रॅम, पडद्यावरून चिटोऱ्यांवर टिपून आणलेला, त्या वहीत हाताने उतरवावा लागायचा. उतरवला की बाबा चष्मा लावून प्रत्येक ओळ बोटाने पाहायचे. कळत काही नव्हतं, पण नंबर ओळीने आहेत का ते तपासायचे, आणि पानाच्या खाली सही ठोकायचे, तारीख टाकून. मी रोज कुरकुरायची. मैत्रिणी संध्याकाळी छप्पन दुकानला चाट खायला जायच्या आणि मी इथे शाळेतल्यासारखी शुद्धलेखन लिहीत बसलेली. "सही कशाला करता? तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असंही एकदा बोलून गेले. ते म्हणाले, "पाळी घेतल्याची सही आहे. कळल्याची नाही."

परीक्षेला प्रत्येकाने आपल्या मनाचा एक प्रोग्रॅम करून आणायचा होता. मुलं मार्कांची बेरीज, पाढे असलं काहीतरी करत होती. मला काही सुचेना. बाबा म्हणाले, "चौकडी काढेल का तुझा कॉम्प्युटर?" म्हणजे कापडावरची चौकडी. मी विचारलं, ती बनते कशी? मग काय, बाबांना कुणी विचारलंच नव्हतं इतक्या महिन्यांत! जेवणाच्या ताटात पोळीचे तुकडे आडवे-उभे मांडून ते सांगायला लागले. उभे धागे चार रंगाचे, दोन पांढरे, पुन्हा चार. आडवे तसेच. जिथे रंगावर रंग येतो तिथे गडद, जिथे पांढऱ्यावर पांढरा तिथे कोरं, आणि मिसळ झाली की मधलं. वरण गार झालं, आई ओरडली, पण मी ऐकत राहिले. माझा प्रोग्रॅम तोच. धागे किती, कुठल्या रंगाचे ते विचारायचं, आणि मग पडद्यावर फुल्या, ठिपके आणि मोकळ्या जागा मांडून चौकडी विणायची. शंभरावर ओळी झाल्या. रोज वहीत उतरायच्या आणि खाली बाबांची सही.

परीक्षेच्या दिवशी मी पहाटे उठून सगळं लावून ठेवलं. फ्लॉपी पाकिटात, पाकीट पुस्तकात, पुस्तक पिशवीत. ती लांबोडकी वही पिशवीत मावेना, म्हणून मी काढून ठेवली. बाबांनी ती परत घातली. मी परत काढली. "बाबा, आज वहीचं काही काम नाही."

"पाळीला जाताना वही घरी ठेवत नाहीत."

"तुमची मिल नाही आहे ही!" मी ओरडले आणि अंघोळीला गेले. बोलल्यावर लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. पण परत जाऊन माफी मागायची म्हणजे माझ्या जिवावर येतं, तेव्हाही यायचं.

बाहेर आले तर आईने हातावर दही-साखर ठेवली. बाबा देवापाशी उभे होते, पाठमोरे. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पिशवी उचलली, सवाऱ्यांचा टेम्पो पकडला आणि निघाले.

पिशवी फळीवर ठेवताना घाईत वरचं पुस्तक तेवढं ओढून घेतलं. आत माझी जागा सातव्या मशीनवर. दहा वाजता मी मशीनसमोर बसले, पाकिटातून फ्लॉपी काढली आणि घाईत न बघताच खाचेत सरकवून खटका दाबला. नेहमी ती कुरकुर आवाज करायची. त्या दिवशी खर्र, खर्र असा आवाज आला आणि मग किंचाळल्यासारखा. पडद्यावर एकच ओळ, वाचता येत नाही. पुन्हा केलं. वाचता येत नाही. खटका उघडला, फ्लॉपी बाहेर ओढली, आणि पाहते तर त्या लांबट खिडकीत, तपकिरी चमकत्या चकतीवर, बरोबर मधोमध हळद आणि कुंकू. वाळलेलं, फिरून फिरून वर्तुळात पसरलेलं. वर तांदळाचा एक दाणाही चिकटलेला.

मला एका क्षणात कळलं. रंगावर लावायचं नाही. जिथे उघडं दिसतं, जिथे काम चालतं, तिथे. काळा प्लास्टिकचा भाग त्यांच्या दृष्टीने रंग होता. त्यांनी पाकीट उघडून नेमकी ती खिडकी शोधली होती, आणि मी अंघोळीला गेले असताना मन लावून पूजा केली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तशी गेली. चाळीस दिवस! चाळीस दिवस मी एसीत कुडकुडले, रोज मरमर वही लिहिली, आणि या माणसाने शेवटच्या दिवशी बोट भिजवून सगळं पुसून टाकलं. डोळ्यांसमोर साडीचं दुकान उभं राहिलं, त्यातला पंखा, त्यातली गादी. सर आले. फ्लॉपी कडेने धरून उजेडात पाहिली आणि दचकले. "ये क्या है? खून है क्या?"

"कुंकू आहे सर."

"किसने लगाया?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर ते हसू बाबांना मिळालं असतं. कुलपाला कुंकू लावून परत आलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मी म्हणाले, "मैंने, सर."

"तुमने? इतने दिन में यही सीखा?" सरांनी कपाळाला हात लावला. "ड्राइव भी गया. साफ करना पड़ेगा." मग माझ्याकडे पाहून जरा नरमले. "फ्लॉपी तुम्हारी जिम्मेदारी थी. कोने वाली मशीन खाली है. चालीस मिनट बचे हैं. जो याद है, लिख दो."

जे आठवतं ते! शंभरावर ओळी कुणाला पाठ असतात? बोटाला कुंकू लागलं होतं. मी म्हटलं, सर, रुमाल घेऊन येते. बाहेर फळीवरची पिशवी उघडली, आत हात घातला, आणि हाताला जाड पुठ्ठा लागला.

वही! अहो, वही होती! मी काढून ठेवलेली वही बाबांनी पुन्हा पिशवीत घातली होती, वाकवून, कोपरे दुमडून, कशीबशी. मी तिथेच फरशीवर बसले आणि वही छातीशी धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळंच. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या व्हरांड्यात, चपलांच्या ढिगाजवळ कळलं.

सरांना वही दाखवली तर ते संशयाने पानं उलटायला लागले. "किसी से लिखवाया है?"

"नाही सर. रोज मीच लिहिते."

"और ये हर पन्ने पे साइन किसके हैं?"

"बाबांचे. ते मिलमधे जॉबर होते. पाळी संपली की वहीत सही करतात."

सरांनी पहिल्या पानापासून तारखा पाहिल्या. दुसऱ्या आठवड्यातल्या चुकाही होत्या त्यात, खोडलेल्या, मग दुरुस्त केलेल्या, मधेच पंचवीस नंबरच्या घुसवलेल्या ओळी. त्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं. मग वही माझ्यापुढे ठेवली. "टाइम जा रहा है. बैठो."

मी कशी लिहीत होते, माझं मलाच माहीत नाही. एक डोळा वहीवर, एक पडद्यावर. दोनदा अडलं, दोन्ही वेळा चूक सापडली. शेवटची ओळ लिहिली तेव्हा पाच मिनिटं उरली होती. मी चालवलं. त्याने विचारलं, उभे धागे किती? मी चार, दोन, चार दिलं. आडवे किती? चार, दोन, चार. आणि मग त्या हिरव्या पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायला लागली, फुल्या, ठिपके, मोकळी जागा, पुन्हा फुल्या. आमच्या ताटातली चौकडी. सर खाली वाकून पाहत होते. म्हणाले, "तीसरा रंग डालो." मी मधल्या रिकाम्या नंबरांत तीन ओळी घातल्या आणि तिसरा रंगही आला. सर इतकंच म्हणाले, "हूं." त्या हुंकारात मला पास झाल्यासारखं वाटलं.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. बहुतेक मी गेल्यापासून तिथेच होते, कारण ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं होतं. मला पाहून उठले. "चाललं?"

"चाललं."

"चालणारच!" त्यांचा चेहरा असा उजळला की गेल्या श्रावणापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "मी पूजा केली होती सकाळी. तुला सांगितलं नाही, तू चिडली असतीस."

माझ्या तोंडात शब्द तयार होता. आईने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं आता ही बार उडवणार. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि अख्खा पिऊन टाकला. "हो," मी म्हणाले, "म्हणूनच चाललं." त्या दिवशी मला वाटलं, सुटले. नंबर लागो न लागो, हे तर निभावलं.

नंबर लागला. दुसरा. यादी पाहून आल्यावर मी परदेशीपुऱ्यातून सायकल अशी मारली की कोपऱ्यावर पोहेवाल्याने हाक मारून विचारलं, "भिया, मिल चालू हो गई क्या?" मामाने दुकानदाराला सांगितलं की मुलगी येणार नाही. तोही म्हणाला, बरं झालं, पोरगी फार तिखट आहे असं ऐकलं होतं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

पण गोष्ट दसऱ्यापाशी संपते. डिप्लोमा सुरू होऊन तीन महिने झाले होते. बाबांना एका ठिकाणी गोदाम सांभाळायचं काम मिळालं होतं. तिथे पूजा करावी असं एकही यंत्र नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "तुमच्या सरांना विचार, मशीनची पूजा करू देतील का." विचारायचं टाळावं असं वाटत होतं, पण विचारलं. सर म्हणाले, "बुलाओ ना, अच्छा है."

बाबा तोच धुतलेला शर्ट घालून आले. चपला बाहेर काढायला कुणी सांगावंच लागलं नाही. आत आल्यावर त्यांनी सगळ्या मशीनींकडे पाहून हात जोडले. मी आधी त्यांना माझा प्रोग्रॅम चालवून दाखवला. चौकडी उतरायला लागली तसे ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, धागे मोजले, चार, दोन, चार. "बरोबर आहे," ते मोठ्याने म्हणाले, मागाच्या आवाजात बोलत असल्यासारखे, आणि सगळा वर्ग वळून पाहायला लागला. मग त्यांनी ताट घेतलं, हळद-कुंकू कालवलं आणि मशीनला उघडं लोखंड कुठे आहे ते शोधायला लागले. बाहेर सगळं पांढरं प्लास्टिक. शोधता शोधता त्यांचं बोट फ्लॉपीच्या खाचेकडे वळलं.

"अरे अरे, भाई साब, वहां नहीं!" सर धावले. "वहां मत लगाइए. आपकी बेटी ने परीक्षा के दिन यही किया था. फ्लॉपी पे कुंकू लगा के ले आई. पूरी फ्लॉपी बर्बाद, ड्राइव अलग खराब. वो तो कॉपी थी इसके पास, नहीं तो गई थी ये." आणि सर हसले, मनापासून, जुनी गंमत सांगावी तसे.

बाबा हसले नाहीत. त्यांचं भिजलेलं बोट हवेत थांबलं होतं. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हिने लावलं होतं?"

"हां, खुद बोली ये," सर म्हणाले.

मी खाली पाहत होते. चार महिने मी ते लपवलं होतं आणि मला वाटत होतं की ते कायमचं पुरलं गेलं. बाबांनी बोट खाचेपासून मागे घेतलं. मग त्यांनी विचारलं, त्यांच्या मानाने अगदी हळू, "वही होती ना?"

"होती. तुम्हीच घातली होती."

"मग झालं," ते म्हणाले. आणि खांद्यावरून ओझं उतरवल्यासारखा त्यांनी लांब श्वास सोडला. मलाही तेव्हाच कळलं की इतके दिवस मी केवढा श्वास धरून ठेवला होता.

"मग आता लावू कुठे?" त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, पडद्याच्या डब्यावर लावा, वरून. बाबांनी मान हलवली, रंगावर नाही. मग त्यांनी माझा उजवा हात घेतला, उलटा केला, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला, एकेका पेराला, हळद लावली आणि वर कुंकू. मग डावा हात. मिलमधल्या दांड्यांना लावायचे तसं, मन लावून. मला इतक्या लोकांसमोर रडू आलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

तास सुरू झाला तेव्हा हात धुवायचे माझ्या जिवावर आलं. तशीच टाइप करायला बसले. कीबोर्डावर लाल ठसे उमटले, आणि सर दोन आठवडे कापूस आणि स्पिरिट घेऊन माझ्या मागे लागले होते.